नवसागराचा धूर

मुलाखतीत कोणता पाठ घ्यायचा त्याची चिठ्ठी उघडली आणि मी खुर्चीतच उडाले. 'अभिक्रियांचे प्रकार'! बीडमधल्या त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिक्षिकेची एकच जागा होती आणि बाहेर अकरा जणी बसल्या होत्या. आधीच्या चार मुलाखतींत माझी डाळ शिजली नव्हती. पण हा विषय तर माझ्या घरचा! माझे अब्बा कल्हईवाले. लग्नाच्या देगा असोत नाहीतर कुणाची पितळी पातेली, भाता घेऊन गावोगाव जायचे.

समोर दोघं होते. मुख्याध्यापिका, आणि रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर, ज्यांच्या कपाळावरची आठी बहुधा झोपेतही जात नसावी. मी धडाक्यात सुरू झाले. चुनकळीत पाणी ओतलं, वाफा निघाल्या, हा संयोग. मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवला, त्यावर तांबं चढलं, हे विस्थापन. मग अणूच्या आत शिरले. "इथवर अणूंनी फक्त जोडीदार बदलले. केंद्रक फुटलं किंवा दोन केंद्रकं एक झाली, तर मूलद्रव्यच बदलतं. कल्हई केली की तांब्याची चांदी होते असं लहानपणी आम्हाला वाटायचं. तसं काही होत नाही, वर कथलाचा थर बसतो. मूलद्रव्य बदलायला सूर्याच्या पोटातली भट्टी लागते!"

मुख्याध्यापिका हसल्या. मला जोर चढला. "आता अपघटन. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापवला की तो तुटतो..."

"चूक," सर म्हणाले. "नवसागराचं संप्लवन होतं. स्थायूचा थेट वायू. पदार्थ तोच राहतो. पुस्तकात आहे."

पुस्तकात होतं खरं. दहावीत मीही तेच लिहून मार्क घेतले होते. मुख्याध्यापिकांनी डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणून टाका. हो म्हटलं असतं तर नोकरी बहुतेक खिशात होती. पण मी जात्याच हट्टी.

"सर, पदार्थ तोच राहत असेल, तर तापलेल्या भांड्याचा काळा थर कोण खातं? अब्बा नवसागर टाकून कापसाने घासतात आणि तांबं लख्ख होतं. हे काम आम्लाचं आहे. ते नवसागरातूनच सुटतं."

"सिद्ध करा."

पाठासाठी लागणारं साहित्य टेबलावर मांडलेलंच होतं. परीक्षानळीत नवसागर घातला, मध्ये कापसाचा सैल बोळा आणि वर लाल-निळ्या लिटमसच्या ओल्या पट्ट्या. स्पिरिटचा दिवा लावला. आधी काहीच होईना. गेली पाचवी नोकरी, मी मनात म्हटलं. आणि मग लाल पट्टी निळी झाली!

"अमोनिया! हलका आहे, म्हणून पुढे पळाला!" मी जवळजवळ ओरडलेच. थोड्या वेळाने दोन्ही पट्ट्या लाल. "आणि हे आम्ल, मागून रखडत आलं!" नळीच्या थंड तोंडाशी दोघं पुन्हा भेटून पांढरी भुकटी जमत होती. तुटणं आणि जुळणं एकाच नळीत!

सर उठून जवळ आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बत्तीस वर्षं मी संप्लवन म्हणून शिकवलं," ते म्हणाले. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा नळी त्यांनीच धरली. शिपाई डोकावून म्हणाला, "सर, बाकीच्या मॅडम कवाच्या बसल्यात." त्यांनी मान वर न करता त्याला हाताने परतवलं.

संध्याकाळी फोन आला, जागा माझी! मी अंगणात अक्षरशः नाचले. नोकरी नवसागराने दिली म्हटल्यावर अब्बांना सगळं ऐकायचं होतं. ते माझ्याशी मराठीतच बोलायचे.

"म्हंजे त्या धुरात आम्ल हाय?"

"हो, अब्बा."

"आन् मी त्ये चाळीस वर्सं नाकानं वढतोय?"

त्यांचा सकाळचा खोकला मी जन्मापासून ऐकत होते. लिटमसवर जे पाहून मी ओरडले, तेच रोज त्यांच्या छातीत जात होतं, आणि विज्ञानाची पदवी घेऊनही मला ते दिसलं नव्हतं. फार लाज वाटली.

"उद्यापासून नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं," मी म्हणाले. "हे दोन्ही वायू पाण्यात पटकन विरघळतात."

हेच अम्मी वीस वर्षं सांगत होती आणि अब्बा हसून टाळत होते.

"आता मास्तरीण सांगती म्हंल्यावर ऐकावंच लागंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माजलगावला निघताना त्यांनी स्वतःहून फडकं मागून घेतलं. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.