शिंप्याला वन्स मोअर

निवेदिता दिवसा एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची आणि संध्याकाळी इंग्लंडमधल्या मेडनहेड गावच्या हौशी नाटक मंडळीत पेटी वाजवायची. बाई साधी, पण एकदा डूख धरला की धरला.

२००६ साली दिग्दर्शक क्लाइव्हने एक जुना खलनायक उकरून काढला. व्हिक्टोरियाच्या काळात पेनीला मिळणाऱ्या साप्ताहिकातला शिंपी, मापं घेता घेता टेपनेच गिऱ्हाइकाचा गळा आवळणारा. पुढे तो स्वस्त नाटकांत आला आणि प्रेक्षकांच्या शिव्या खाऊन विसरला गेला. क्लाइव्हला आता त्याचं संगीत नाटक करायचं होतं. शिंपी अर्थात तो स्वतःच.

"पण हा मारतो कशासाठी?" निवेदिताने विचारलं. "नुसता दुष्ट माणूस गाणार काय, कपाळ?"

मग तिनेच शिंप्याला एक मुलगी दिली, कुणा उमरावाने पळवलेली, आणि सुडाचं एक पद बांधलं. शब्द तिचे, चाल तिची. आजोळी ऐकलेल्या नाट्यपदांच्या वळणाची, वरच्या षड्जाला भिडणारी.

कार्यक्रमपत्रिका छापून आली: 'गीत-संगीत: क्लाइव्ह'.

"आभारात आहे की तुझं नाव," तो हसून म्हणाला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "परीक्षित, शनिवारी प्रयोगाला आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना घेऊन ये. माझं पद झालं की वन्स मोअर द्यायचा. दोनदा."

"अगं, इथे कोणी देत नाही. टोटली ऑकवर्ड होईल."

"होऊ दे. वन्स मोअर आला की नटाला गावंच लागतं. तिसऱ्यांदा त्याला वरचा सा लागणार नाही. मला त्याचा आवाज फाटलेला ऐकायचाय!"

शनिवारी पद संपलं आणि मागून गजर उठला, "वन्स मोअर!" इंग्रज प्रेक्षक चपापले. क्लाइव्ह मात्र फुलला, पुन्हा गायला. पुन्हा गजर झाला, आता इंग्रजही सामील झाले. त्याने दम घ्यायच्या आत निवेदिताने सूर धरला, तोही पट्टी चढवून.

षड्जावर त्याचा आवाज टराटरा फाटला. अस्सा आनंद झाला तिला!

पण क्लाइव्ह थांबला नाही. त्या फाटक्या आवाजात, जवळजवळ बोलतच, तो मुलीला हाका मारत राहिला. इतक्या तालमींनंतर तो पहिल्यांदाच शिंपी वाटला. कुणीतरी हुंदका दिला आणि सगळं सभागृह उभं राहिलं. तिच्या पदाला हवा होता तो आवाज तिनेच त्याला मिळवून दिला होता.

उभ्या गर्दीतून डोळे पुसत, कोणी न सांगता, परीक्षित ओरडला, "वन्स मोअर!"

निवेदिताने दातओठ खाल्ले. पण सूर द्यावाच लागला.