रफूवाल्या मावशींच्या राण्या

कपडे धुऊन देणाऱ्या त्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलापलीकडे एक बुटकं स्टूल होतं आणि त्या स्टुलावर रफूवाल्या मावशी गेली चौतीस वर्षं बसत होत्या. कुणाच्या कोटाला सिगरेटचं भोक पडलेलं असायचं, कुणाच्या शालीला कसर लागलेली. मावशी आधी कापड उलटं करायच्या. सुलट बाजू बघायची त्यांना मुळीच घाई नसे. आतल्या दुमडीतून त्याच कापडाचा धागा अलगद ओढून काढायचा, सुईत ओवायचा आणि भोक असं भरायचं की गिऱ्हाइकानं दिव्याखाली धरून शोधशोध शोधावं आणि शेवटी हात टेकावेत.

दुकानाचा मालक त्यांना चेष्टेनं राणीसरकार म्हणायचा. दुपारी दीडला शटर अर्धं खाली आलं की बाकीची मंडळी डबा खाऊन तिथेच आडवी व्हायची. मावशी मात्र चार घास उभ्याउभ्या पोटात ढकलून रस्ता ओलांडायच्या आणि समोरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन तासभर राण्यांमध्ये बसायच्या. अडीचला परत स्टुलावर हजर. नवरा होता तेव्हा, तो गेला तेव्हा, मुलगी लग्न होऊन लांब गेली तेव्हा, हा तास काही चुकला नाही.

वाचायच्या त्या दोनच प्रकारची पुस्तकं: राजघराण्यांतल्या बायकांची चरित्रं आणि चार-चार पिढ्यांच्या कौटुंबिक कादंबऱ्या. खिडकीजवळच्या एका कपाटात ती सगळी दाटीवाटीनं उभी असत. मावशी एक काढायच्या, वाचायच्या, खूण म्हणून त्यात धागा ठेवायच्या आणि निघताना पुस्तक पुन्हा जागच्या जागी. शिरस्ता कधी मोडला नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

वाचनालयात दोन वर्षांपूर्वी नवी ग्रंथपाल आली होती. पस्तिशीची, हुशार, टापटिपीची आणि खरं सांगायचं तर थोडी शिष्ट. खिडकीजवळच्या कपाटाबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. राण्यांचे दागिने आणि सासवांची कारस्थानं, दुसरं काय असणार त्यात! मावशींना ती रोज बघायची, मान हलवून हसायचीही. पण त्या काय वाचतात, त्यांना ते कसं वाटतं, हे दोन वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. माणूस रोज दिसायला लागलं की त्याच्याकडे बघायचं राहूनच जातं.

मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. संगणकांसाठी जागा हवी आहे, तेव्हा पाच वर्षांत एकदाही कुणी घरी न नेलेली पुस्तकं काढून टाका, त्यांचा लगदा होईल. हा नियम कुणी केला ते विचारू नका. नियम करणारी माणसं कधी सापडली आहेत? पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवलेली असते, कुणी पुस्तक नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. ग्रंथपालीण एकेक चिठ्ठी बघत गेली. खिडकीजवळच्या कपाटानं तर तिचं काम फारच सोपं केलं. तिथल्या चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत होत्या. दोनशे बारा पुस्तकं यादीत गेली, यादीखाली तिनं सही केली आणि एका शुक्रवारी सकाळी सुतळीनं बांधलेले गठ्ठे ढकलगाडीवर रचले. ट्रक तीन वाजता येणार होता.

दीड वाजता मावशी आल्या. सवयीनं कपाटाशी गेल्या आणि हात वर नेऊन तशाच थबकल्या. मग टेबलापाशी आल्या.

"बाई, माझं कपाट कुठे गेलं?"

"मावशी, ती पुस्तकं काढून टाकलीत. कुणी वाचतच नव्हतं ना."

"मी वाचते की."

"म्हणजे... घरी कुणी नेत नव्हतं. शिक्काच नाही एकावरही." ग्रंथपालीण जरा अडखळली. "तुम्ही का नाही हो कधी घरी नेलंत?"

मावशींना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी नेलं आणि तेवढ्यात एखादी ते मागायला आली तर? तिनं काय हात हलवत जायचं? मला काय, मी रोज येतेच."

चौतीस वर्षं! कधी न आलेल्या त्या बाईसाठी मावशींनी एकेक पुस्तक कपाटात राखून ठेवलं होतं, आणि त्या चांगुलपणानंच पुस्तकांचा गळा कापला होता. ग्रंथपालीण वरमली. तरी शिष्टपणा असा एका मिनिटात जात नाही. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "तशी ती काही फार मोठी पुस्तकं नव्हती, मावशी. दुसरी चांगली चरित्रं आहेत. मी काढून देते."

मावशी वळल्या. ढकलगाडीपाशी गेल्या, तिसऱ्या गठ्ठ्याची सुतळी सैल केली आणि एक तपकिरी पुठ्ठ्याचं पुस्तक ओढून आणलं. कुठल्याशा थंड मुलखातल्या राणीचं चरित्र होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवून सातवं प्रकरण उघडलं.

"हे वाचा. मोठ्यानं."

तिनं वाचलं. शेजारच्या राजाशी तह झाला, त्या दिवसाचं वर्णन होतं. 'सकाळपासून दिवेलागणीपर्यंत राणी आसनावरून हलली नाही. तिचा चेहरा दगडासारखा होता. ती मुळातच थंड स्वभावाची होती.'

"तारीख?"

"तेरा."

"आता शेवटी जा. बारीक अक्षरात पोरांची यादी आहे. सहावं पोर बघा."

पुस्तकाच्या अगदी शेवटी, कुणी बघू नये अशाच बेतानं छापल्यासारखी ती यादी होती. नऊ मुलं. ग्रंथपालिणीनं सहाव्यावर बोट ठेवलं. जन्म, त्याच महिन्याची दोन तारीख. मृत्यू, दहा तारीख. तिचं बोट तिथेच राहिलं.

"अकरा दिवसांची बाळंतीण," मावशी म्हणाल्या. "पोर जाऊन तीन दिवस झालेत. अहो, तिला दूध येत होतं त्या दिवशी! छातीला पट्टे बांधून बसली असेल नाहीतर काय. उठायची कशी? अंगावरचे कपडे भिजलेले दिसले असते ना सगळ्या पुरुषांना. आणि हा गृहस्थ लिहितो, थंड स्वभावाची."

ग्रंथपालीण चाट पडली. तिनं पुन्हा सातवं प्रकरण काढलं, पुन्हा यादी काढली. तारखा काही हलल्या नाहीत. ज्यानं पुस्तक लिहिलं त्यानंच दोन्ही तारखा लिहिल्या होत्या, आणि त्याला त्या दिसल्या नव्हत्या. आपण वाचतो म्हणजे नक्की काय करतो, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा पडला असावा.

"असं... सगळ्यांतच आहे?"

"सगळ्यांत कुठलं! काही नुसतीच दागिन्यांची आहेत, तुम्हाला वाटलं असेल तशी." मावशी हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि चौतीस वर्षं कुणी न विचारलेलं सांगू लागल्या. चरित्रं लिहिणारे लोक राणीला घोड्यावर बसवतात, पण खाली उतरवायला विसरतात. लढाईनंतर ती घरी कशी आली, तिचे केस कुणी विंचरले, आजारी पडली तर कुणावर ओरडली, यातलं काही सापडलं तर पुस्तक खरं. कादंबऱ्यांचंही तेच. घरात एवढी भांडणं होतात, पण कधी कुणाचं दूध उतू जात नाही. चार पिढ्या नुसत्या बोलत बसतात, मग त्यांचे कपडे कोण शिवतं? एका कादंबरीत मात्र आई गेल्यावर दोघी बहिणी तिचं कपाट आवरतात आणि एकाच स्वेटरच्या दोन बाह्या धरून उभ्या राहतात, कुणीच सोडत नाही. "ती लिहिणारी बाई खरंच कपाटापुढे उभी राहिलेली असणार बघा," मावशी म्हणाल्या. "मला विचाराल तर, राणीचं चरित्र म्हणजे मोठ्या घरातली कौटुंबिक कादंबरीच. आणि घरातल्या बायकांच्या कादंबऱ्या म्हणजे राज्य न मिळालेल्या राण्यांची चरित्रं. मी कधी वेगळी धरलीच नाहीत."

ग्रंथपालीण तोंडात बोट घालायची तेवढी राहिली होती. तिला कॉलेजात ग्रंथालयशास्त्राचे दोन सुवर्णपदकवाले प्राध्यापक होते, पण अशी शिकवणी तिला कुणी दिली नव्हती. तिनं घड्याळ बघितलं. सव्वादोन. तिनं मुख्य कार्यालयाला फोन लावला, विनवण्या केल्या, आवाज चढवला, पुन्हा उतरवला. पलीकडचा साहेब शांत होता. यादी मंजूर झाली आहे, सही तुमचीच आहे, ट्रक निघाला आहे. मग उपकार केल्यासारखा म्हणाला, वाचकाच्या हातात गेलेलं पुस्तक तेवढं आम्ही ओढून आणू शकत नाही.

एवढं पुरे होतं. नियम होता की एका कार्डावर तीन पुस्तकं. वाचन कक्षात त्या वेळी एकच गृहस्थ होते, वर्तमानपत्रवाले आजोबा. ती धावत त्यांच्याकडे गेली. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, "मी राण्या वाचत नाही," म्हणाले आणि पान उलटलं. तिला त्यांचा राग येईना. तासाभरापूर्वी तीही हेच म्हणाली असती.

"मावशी, तुमचं कार्ड द्या."

"कार्ड कुठलं? मी कधी काढलंच नाही."

तिनं उभ्याउभ्या अर्ज भरला. नाव, पत्ता, व्यवसाय: रफू. शिक्का मारला, कार्ड केलं. मावशींनी ते नवं कोरं कार्ड दोन्ही हातांत धरलं, उलटं केलं, मागची बाजू आधी बघितली. तोवर ग्रंथपालिणीनं गठ्ठे सोडून तीन पुस्तकं काढून ठेवली होती: तहवाली राणी, दोघी बहिणींची कादंबरी, आणि ज्या एका चरित्राची मावशींनी बोलण्याच्या ओघात तोंड भरून स्तुती केली होती ते. त्यांचा जीव वाचवला म्हणून तिला जरा बरं वाटत होतं.

मावशींनी ती तिन्ही उचलली आणि परत ढकलगाडीवर ठेवली.

"अहो मावशी! ही तुमची लाडकी ना?"

"लाडकी आहेत म्हणून तर." त्या गठ्ठ्यांमध्ये वाकून शोधत होत्या. "ती माझ्या डोक्यात आहेत. मला विचारा, मी सांगेन." त्यांनी तीन पुस्तकं बाहेर काढली. एकाचा पुठ्ठा सुटलेला, दुसरं इतकं बेढब की टेबलावर नीट बसेना. "ही घ्या. यांच्यावर शिक्का मारा."

"ही चांगली आहेत?"

"भिकार आहेत! या राणीच्या चरित्रात बघा, साडेतीनशे पानं नवराच लढतोय. तिच्याबद्दल अख्ख्या पुस्तकात अकरा वाक्यं. मी तिला दोनदा शोधलं, अजून हाती लागलेली नाही. आणि या कादंबरीत थोरली सून दुसऱ्या भागात येते आणि चौथ्या भागात 'घरातली सगळी मंडळी' या तीन शब्दांत नाहीशी होते. कधी मेली तेसुद्धा सांगायची तसदी घेतली नाही कुणी." त्यांनी सुटलेला पुठ्ठा तळहातानं जागेवर दाबला. "जी माणसं सापडलीत ती आता जात नाहीत, बाई. पण ही न सापडलेली. हा कागद गेला की ती झालीच नव्हती असं होईल."

ग्रंथपालिणीनं तीन शिक्के मारले. समोर पायात झिजलेल्या चपला, बोटाला शिवताना घालायचं अंगुस्तान घालून घालून पडलेला घट्टा, आणि कुठल्याही राजदरबारात मान खाली घालायला लावील असं काहीतरी त्या बाईच्या चेहऱ्यावर होतं. अडीच वाजले. मावशी पुस्तकं पोटाशी धरून रस्ता ओलांडून गेल्या.

आता उरलं तिचं स्वतःचं कार्ड. आणखी तीन. ती ढकलगाडीपुढे उभी राहिली आणि तिला कळेना की हात कुठे घालायचा. मावशींना सगळी पाठ होती, त्यांना निवडता आलं. हिनं यातलं एकही वाचलं नव्हतं. तिनं एक उघडलं, दुसरं उघडलं, मग मधूनच एक जुनी कादंबरी उचलून कुठलंतरी पान वाचू लागली. एक धाकटी जाऊ पाहुणे गेल्यावर एकटीच अंधारात जिन्यावर बसली होती आणि का ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ती मागे गेली, पुढे गेली, शोधत राहिली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर आत येऊन म्हणाला, "चला मॅडम, घेऊ ना?"

"दहा मिनिटं थांबा हो," ती मान वर न करता म्हणाली.

तो बिचारा अर्धा तास थांबला. तेवढ्यात तिचं एकच पुस्तक नीट बघून झालं. धाकट्या जावेचं ते तिनं घेतलं, दुसरी दोन डोळे मिटून उचलली आणि तिन्ही छातीशी धरून दारात उभी राहिली. माणसांनी गठ्ठे एकमेकांकडे फेकत चढवले. दोनशे सहा. त्यांत कोण कोण होतं, कोण कुठल्या बारीक अक्षरात बसून राहिलं होतं, ते तिला आता कधीच कळणार नव्हतं. ड्रायव्हरनं यादीची प्रत पुढे केली आणि माल मिळाल्याची खूण म्हणून, तिच्या सहीच्या शेजारी, आपली सही ठोकली.