काटामावशीचा कोरा चेहरा

काटामावशी हे नाव तिला गल्लीतल्या बायकांनी दिलं. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा असे. ती कोपऱ्यावर दिसली की पायरीवरची एखादी आत हाक मारी, ‘अगं, झबलं काढ बाळाचं, काटामावशी आली.’

शहराच्या ज्या भागात ओतकामाचे कारखाने आणि घरं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती, त्या भागात एक संशोधन चाललं होतं. हवेतला धूर, बाळाची वाढ आणि आईचं मन, यांचा एकमेकांशी काय संबंध लागतो ते पाहायचं होतं. भिंतीला हवा मोजणारी पेटी टांगायची, बाळाला काट्यावर ठेवायचं, आणि शेवटी आईसमोर बसून टॅबवरचे प्रश्न विचारायचे. पेटी आणि काटा कुणालाही जमायचा. घोडं अडायचं ते प्रश्नांपाशी.

कारण प्रश्न जसा लिहिला आहे तसाच वाचायचा, असा तिथला दंडक होता. बाई रडली तर ‘असं नको गं’ म्हणायचं नाही, ती हसली तर आपण हसायचं नाही. विचारणारीच्या कपाळाला आठी पडली तरी समोरची बिचकते आणि उत्तर फिरवते, असं प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी सांगितलं होतं. त्यांचं आणखी एक वाक्य काटामावशीने मनात घट्ट बांधून ठेवलं होतं. जवळच्या माणसाला वाटतं ते वाटणं, मोजमाप नव्हे.

त्याआधी ती बरीच वर्षं एका औषधाच्या कारखान्यात पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्यांना झाकणं लावत होती. तिथे डोकं बंद ठेवायचा पगार मिळायचा, असं ती म्हणे. या नव्या कामात तिला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी शिकवलं, आणि ती त्या शिकण्यावर तुटून पडली.

सराव घरीच चाले. मुलगी, घरात तिला बबडी म्हणत, तेव्हा कॉलेजात होती. ती मांडीवर उशी घेऊन बाळंतीण व्हायची, आई समोर टॅब धरून बसायची. बबडी कधी मुसमुसून रडे, कधी टवाळी करी, कधी ‘बाळ माझं नाहीच, शेजारणीचं आहे’ म्हणून मोकळी होई. आई खुदकन हसली की डाव संपला. विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळून देणारे वडील दुकानातून येऊन दारातच थबकत आणि म्हणत, ‘चालू द्या. मी आपला उशीचा आजोबा.’ एके दिवशी बबडीने उशीचं शेंबडं नाक पुसलं, वर तिला दम भरला, तरी आईच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. बबडीने उशी भिरकावली. ‘जा, झालीस तू पास.’

पुढे काटामावशीचा कोरा चेहरा संशोधनाच्या कार्यालयात नावाजला गेला. नव्या मुलींना तिच्याबरोबर पाठवत. बायका तिच्यापुढे भडाभडा बोलत, उत्तरांच्या गुणांचा आकडा फार वर गेला की ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाई. किती तरी जणी त्यातून सावरल्या. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

बबडीचं लग्न झालं, दिवस गेले, बाळंतपणाला ती आईकडे आली. मुलगी झाली. सगळं सुखरूप पार पडलं, आणि मग बबडी गप्प झाली. बाळाला वेळेवर पाजायची, पण पाजताना भिंतीकडे बघायची. न्हाणीघरात शिरली की नळ बंद झाल्यावरही बाहेर येत नसे. वडिलांनी दोनतीनदा विषय काढला. पोरगी पूर्वी माझी टर उडवल्याशिवाय जेवत नव्हती, ते म्हणाले, आता मी मुद्दाम वेड्यासारखं बोललो तरी नुसतं ‘हं’ करते.

काटामावशीलाही तसंच वाटायचं. पण नुसत्या वाटण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेच तर ती इतकी वर्षं शिकली होती. त्यातच विहीणबाईंचे फोन सुरू झाले. घर ओकंबोकं वाटतं, लेकाचे जेवणाचे हाल होतात, नातीला कधी पाठवता? पाठवायचं की ठेवून घ्यायचं, हे ठरवणं भाग होतं.

एका दुपारी तिने केस नीट बांधले, बबडीच्या पलंगासमोर खुर्ची ओढली आणि टॅब उघडला. बबडीने टॅबकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे.

प्रश्न सुरू झाले. गेल्या आठवड्यात कशाची तरी आवडीने वाट पाहिली का? पाहिली. विनाकारण रडू आलं का? नाही, एखाददुसऱ्या वेळी, झोप झाली नव्हती म्हणून. सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटलं का? नाही. बबडी थांबत नव्हती, चाचरत नव्हती. एके ठिकाणी तर आईचा प्रश्न पुरता होण्याआधीच तिने उत्तर दिलं. कुठल्या उत्तराला किती गुण आणि आकडा कुठवर गेला की डॉक्टर, हे या घरात दोघींनाच ठाऊक होतं. आकडा छान खाली राहिला.

आईचा जीव भांड्यात पडला. टॅब मिटला आणि तिने मोकळेपणी लेकीच्या गालावर हात फिरवला. बबडीने डोळे मिटून घेतले, ते आईला झोप आल्यासारखं वाटलं.

वडील म्हणाले, ‘राहू दे अजून महिनाभर. मला काही पटत नाही.’

‘मी विचारलंय तिला,’ ती म्हणाली. ‘तुमचं नुसतं वाटणं आहे.’

तिने स्वतः विहीणबाईंना फोन लावला आणि सांगितलं, तब्येत ठणठणीत आहे, खुशाल घेऊन जा. जावई येऊन दोघींना घेऊन गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बबडी सासरच्या घरातून औषध आणायला म्हणून बाहेर पडली आणि परतलीच नाही. बाळ घरी आजीपाशी रडून रडून घसा बसवून घेत होतं. संध्याकाळी ती बसस्थानकावर सापडली. सकाळपासून एकाच बाकावर बसली होती. दूध वाहून पोटापर्यंत कपडे भिजले होते, ते तिकीट खिडकीवरच्या बाईंनी पाहिलं आणि तिच्याच फोनवरून जावयाला कळवलं.

आईवडील धावतपळत तिच्या सासरी पोचले तेव्हा विहीणबाई नातीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘जगभरच्या बाळंतिणींची मनं मोजत हिंडता ताई तुम्ही,’ त्या म्हणाल्या. ‘मी अडाणी. तुम्ही खुशाल न्या म्हणालात, मी आणली. एक शब्द बोलला असतात तर मी कशाला घाई केली असती?’

काटामावशीने मान खाली घातली.

आतल्या खोलीत बबडी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई तिच्या पायांशी बसली. म्हणाली, ‘मी विचारलं होतं गं तुला. तेव्हा का नाही सांगितलंस?’

‘तू कुठे विचारलंस?’ बबडी भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली. ‘टॅब घेऊन बसलीस. तो चेहरा केलास. मला वाटलं, आता आईलासुद्धा माझं मोजमापच हवंय. मग दिलं तुला हवं तसं.’

‘मला हवं तसं नव्हतं ते.’

‘नाही कसं? आकडा बघून केवढी खूश झालीस.’



दुसऱ्या दिवशी ते बबडीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मनाच्या विकारांच्या डॉक्टर, वयाने लहान, काटामावशीला चांगल्या ओळखणाऱ्या. तिला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या आणि आज कुणाला आणलंत, असं हसून विचारलं. माझीच आहे, असं तिने सांगितल्यावर त्यांचं हसू मावळलं.

डॉक्टरांनी बबडीला पहिला साधाच प्रश्न विचारला, झोप कशी लागते. बबडी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. तेव्हा काटामावशी सांगू लागली, बाळंतपणापासून काय काय झालं, कधीपासून झालं, अगदी ओळीने. डॉक्टर ऐकत होत्या. बबडीने टेबलाच्या कडेवरचा हात उचलला.

‘आई बाहेर गेली तर सांगते,’ ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. काटामावशी उठली, पर्स खुर्चीतच राहिली ती परत येऊन घेतली, आणि दार ओढून घेऊन बाहेर आली.

बाहेर बाकावर जावई बाळाला मांडीवर घेऊन बसले होते, अवघडून, दोन्ही हातांत धरून, जणू कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिली आहे. ती त्यांच्या शेजारी टेकली. मग दाराआडून बबडीचा आवाज आला, आणि आला तो थांबेचना. मध्येच चिरकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शब्द कळत नव्हते, पण बाकाच्या दाराजवळच्या टोकाला सरकलं असतं तर कळले असते.

जावयांनी हळूच विचारलं, ‘काय सांगत असेल हो ती?’

‘माहीत नाही,’ काटामावशी म्हणाली. आणि उठून, आवाज पोचणार नाही अशा पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.