पोफळी नावाचा सिनेमा

जयवंतीला हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही, असं नवापुरात अजून झालेलं नाही. दुसऱ्या कुणाला हाक मारलीत तरी तीच ओ देते. माझा नवरा मला चहासाठी हाक मारतो, तर मधल्या भिंतीपलीकडून ही ओरडते, "देते हो, दम धरा जरा!" चहा मात्र मलाच करावा लागतो.

सकाळी मासळीची पाटी घेऊन ती बोईसरला जाते. तिथल्या भाड्याच्या खोल्यांत रात्रपाळी करून झोपलेली माणसं तिच्या आवाजानं जागी होतात, आणि जागा झालेला माणूस बोंबील घेतल्याशिवाय परत झोपूच शकत नाही. "भैया, ताजा है! आँख तो देखो उसका, तुमसे जास्ती जागा है!" असलं तिचं हिंदी. बिचारे हसतात आणि घेतात.

आणि अशा बाईच्या पदरात देवानं नवरा टाकला पंढरी. मुका नाही हो, चांगला धडधाकट आहे. पूर्वी स्वतःची होडी हाकणारा तांडेल होता, तेव्हाही मोजकंच बोलायचा, पण बोलायचा. होडी विकावी लागली आणि मेल्यानं तोंडाला कुलूपच लावलं. दारात एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. तिचा मोडका हात त्यानं जाळ्याच्या दोरीनं बांधलाय. दिवसभर त्या खुर्चीत बसायचं आणि समुद्राकडं बघायचं. जयवंती विचारते, भात वाढू? हा ताटाकडं बघतो. कालवण खारट झालंय का? हा खाली बघतो. ती भांडली, रडली, माहेरी जाऊन आली. "हंसे," मला म्हणाली, "भिंतीशी बोलले असते तर निदान पाल तरी चुकचुकली असती गो."

तर तिच्या बोईसरच्या गिऱ्हाइकांत वैष्णवी नावाची एक पोरगी आहे. कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमे काढते. छोटे, वीसेक मिनिटांचे. एके दिवशी सुरमई घेता घेता तिनं जयवंतीला विचारलं, "मावशी, माझ्या फिल्ममध्ये काम कराल? मानसिक नाट्य आहे."

"म्हंजे मी येडी?"

"नाही हो! एक बाई आहे आणि समोर एक रिकामी खुर्ची आहे. ती बाई खुर्चीशी बोलते."

"मंग येडीच की," जयवंती म्हणाली, आणि हो म्हणाली.

शूटिंग जयवंतीच्याच घरात झालं. पंढरी त्या दिवशी कधी नव्हे तो बंदरावर दुसऱ्यांची जाळी विणायला गेला होता. वैष्णवीनं लिहून आणलेली लांबच लांब वाक्यं हिला काही केल्या पाठ होईनात. शेवटी ती पोरगी कंटाळून म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज घरात जे बोलता ना, तेच बोला." आणि रिकामी खुर्ची हवी म्हणून दारातली तीच निळी खुर्ची उचलून चुलीसमोर ठेवली.

जयवंतीनं मला हे सगळं सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "अगं शहाणे, गावात दाखवणार आहेत ना तो? लोक पंढरीला हसतील. आता निदान घरात बसतो तरी. उद्या घरही सोडून जाईल!"

"ते मला समाजत नाय काय?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण पडद्यावर तरी बघंल माझ्याकडं. नायतर काय, हंसे, मी हाय का नाय हेच त्याला ठाऊक नाय." मी तिला चहा करून दिला. तिनं हाक न मारता.

दाखवायचं ठरलं ते समाजाच्या हॉलमध्ये, रविवारी दिवेलागणीला. पडदा मीच शिवला, माझ्या दोन पांढऱ्या चादरी जोडून. त्यामुळे शिवण बरोब्बर मधोमध आली, त्याचं पुढं काय झालं ते बघा. गावभर आमंत्रणं द्यायचं काम जयवंतीनं घेतलं. सिनेमाचं नाव होतं 'पोकळी'. हिनं ते पाटी डोक्यावर असताना घाईत ऐकलेलं. ती प्रत्येकाला सांगत सुटली, "माजा शिणेमा हाय, पोफळी! या हां!" झालं! वाणगावहून माझा भाऊ शांताराम रिक्षा करून आला. त्याच्या वाडीत चिकूच्या मधे मधे पोफळी आहेत आणि त्यांच्या सुपाऱ्या पिकायच्या आधीच गळतात. त्याला वाटलं, काहीतरी औषध सांगतील. मोबाईलमध्ये गळलेल्या सुपाऱ्यांचे फोटोही काढून घेऊन आला होता.

पंढरी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आला. पण मागं, दाराजवळच्या बाकावर टेकला, निघून जायला सोयीचं म्हणून. जयवंती माझ्याशेजारी पहिल्या रांगेत. नवी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही.

दिवे बंद झाले. पडद्यावर खुर्ची आली. नुसती खुर्ची. आम्ही बघतोय, खुर्ची आहे. परत बघतोय, खुर्चीच आहे.

"अडाकला काय?" कुणीतरी विचारलं.

"नेट गेला वाटतं."

एक जण उठून वायर हलवून आला. वैष्णवी मागून कळवळून म्हणाली, "काका, चालू आहे हो! असाच आहे तो!"

"गाणं कवा लागनार?" पोरं विचारायला लागली. आणि आमचे बंधुराज सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं मला विचारतात, "हंसे, पोफळी पुढं आहेत काय?" मी त्याला असा चिमटा काढला की विचारू नका.

मग जयवंती पडद्यावर आली. शिवण तिच्या नाकावरून, अर्धं नाक इकडं, अर्धं तिकडं. टाळ्या, शिट्ट्या! पडद्यावरच्या जयवंतीनं खुर्चीसमोर ताट मांडलं आणि विचारलं, "अवो, भात वाढू?"

वैष्णवीनं म्हणे इथं शांतता ठेवली होती. प्रेक्षकांना आतून काहीतरी वाटावं म्हणून. पण आमच्या गावात हाकेला ओ द्यायची सवय, कोण शांत बसतोय!

"वाढ गो, वाढ!" बायका ओरडल्या.

"कालवण खारट झालाय का?"

"झालाय! तुज्या हाताला मिठाचा अंदाजच नाय!"

हॉल खदाखदा हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? वैष्णवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. आणि तेवढ्यात कुणाच्या तरी नजरेला खुर्चीच्या हाताची ती दोरी पडली.

"अरे, ही तं पंढरीची खुर्ची!"

"म्हंजे हा पंढरीच बसलाय काय? ओ पंढरीशेठ, बायको काय विचारते, बोला की!"

सगळ्या माना मागं वळल्या. पंढरी उठून उभा राहिला. जयवंतीनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "चालला," ती पुटपुटली. "चालला गो, हंसे." मला असा राग आला, त्या लोकांचा आणि स्वतःच्या हसण्याचाही. मी ओरडले, "गप बसा रे मेल्यांनो!" तसा सगळा हॉल गपगार झाला.

पंढरी दाराशी गेला. चपलेत पाय घातला. आणि तेव्हाच पडद्यावरच्या जयवंतीनं, भरल्या ताटासमोर बसून, अगदी हळू विचारलं, "अवो, जेवलात का?"

तो थांबला. वळून पडद्याकडं बघायला लागला. तिथं ही नुसती बसलेली, वाट बघत. या वेळी हॉलमध्ये कुणी उत्तर दिलं नाही. त्या पोरीला जी शांतता हवी होती ना, ती आत्ता आली बघा. इतकी की मलाच घाबरायला झालं.

"जेवलो गो," पंढरी म्हणाला.

आवाज घोगरा. पुष्कळ दिवस न वापरलेला. त्यानं घसा खाकरला आणि पडद्याकडं बघत परत म्हणाला, "जेवलो. कालवण चांगला हाय."

बायकांनी पदर डोळ्याला लावले. शांतारामसुद्धा नाक ओढायला लागला. पण आमची जयवंती? ती उठली, कमरेला पदर खोचला आणि तरातरा मागं गेली.

"पडद्यावरच्या बाईला बोलतोस?" सगळ्या गावासमोर तिनं त्याला अरे-तुरे केलं. "तिला कालवणाचं सांगतोस? आणि मी घरात मेली होती काय रे? रोज विचारते, रोज! मी कोण तुजी?"

दिवे लागले. पंढरी तिच्याकडं बघत राहिला. पडद्याकडं बघितलं होतं तसंच, नीट, डोळे भरून. मग म्हणाला, "तू जेवलीस?"

आता सांगते, तुम्हाला खोटं वाटेल. जयवंतीनं तोंड उघडलं आणि आतून शब्दच आला नाही. सगळ्या गावाला ओ देणारी बाई, पण तिला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. वैष्णवी उठून उभी राहिली होती, मी उभी होते, सगळा हॉल जागच्या जागी उभा होता. शेवटी तिनं नुसती मान हलवली. नाही म्हणून.

"बरं," पंढरी म्हणाला, आणि दाराजवळच्या चपलांच्या ढिगात तिच्या चपला शोधायला खाली वाकला.