अर्डिथच्या गाडीवरचं वजन

माझ्या बायकोला, व्हर्नाला, जगात एकाच माणसाचा हेवा वाटायचा. तिच्या धाकट्या बहिणीचा.

आमच्याकडे ओहायोत शनिवार म्हणजे शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सरळ पाव मैल, जो आधी पोचेल तो जिंकला. दोघी बहिणी बापाच्या गॅरेजात ग्रीसमध्ये हात बरबटवत वाढल्या. व्हर्नाच्या गाडीत आठ सिलिंडरचं मोठं इंजिन, बापानंच बांधून दिलेलं. अर्डिथनं सहा सिलिंडरचं छोटं इंजिन घेतलं आणि त्यात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो बसवला. दोघी एकाच वर्गात धावायच्या. लढत बरोबरीची व्हावी म्हणून मोठ्या इंजिनाच्या गाडीला जास्त वजन आणि छोट्याला कमी, असा नियम होता.

"कसली डोंबलाची बरोबरी!" व्हर्ना फणकारायची. "मी हत्ती ओढतेय आणि ही बाई शिट्टी वाजवत पुढे!"

शिट्टी म्हणजे टर्बोचा आवाज. तो ऐकला की व्हर्नाच्या कपाळावर आठी पडायची. त्यात बाप जिवंत होता तोवर आपली घडीची खुर्ची अर्डिथच्या गाडीशेजारी मांडून बसायचा. त्याबद्दल व्हर्ना कधी काही बोलली नाही. मी मात्र तिची नजर पाहिलेली.

अर्डिथ जिंकायची ती थोडक्यात. दर वेळी जेमतेम बोनेटभर पुढे. त्यामुळे व्हर्नाला वाटे, थोडं वजन इकडेतिकडे झालं की संपलं. नियम बघणाऱ्या लमारच्या मागे ती वर्षभर लागली. शेवटी त्यानं टर्बोवाल्या गाड्यांचं वजन वाढवलं.

अर्डिथनं शिशाच्या विटा आणल्या, मागच्या बाजूला बोल्टनं आवळल्या आणि व्हर्नाशेजारी येऊन उभी राहिली.

दिवा हिरवा झाला. त्या दिवशी अर्डिथ बोनेटभर नाही, चांगली दोन गाड्यांच्या अंतरानं जिंकली. इतकं वजन लादूनही आधीपेक्षा वेगात.

व्हर्ना हेल्मेट हातात घेऊन तशीच तिच्याकडे गेली. मी मागोमाग.

"आजवर शेवटच्या रेषेच्या आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत होतीस तू?"

"उचलत होते," अर्डिथ बोल्ट सैल करत म्हणाली. "खरा वेग वेळेच्या फलकावर दिसला असता तर लमारनं केव्हाच वजन लादलं असतं. सगळेच उचलतात, व्हर्ना."

"मी नाही उचलत!"

"तुला गरज कुठं पडली?" अर्डिथनं विचारलं. मग हळूच म्हणाली, "शिवाय बाबा बघत असायचे. तू फार मागं पडलेली त्यांना बघवलं नसतं."

व्हर्नाचा चेहरा पांढरा पडला. हरणं तिला इतकं कधी लागलं नव्हतं.

पुढच्या मोसमात तिनं वर्ग बदलला. तिथं नुसती मोठी इंजिनं, टर्बोला बंदी. ती जिंकायलाही लागली. पण अर्डिथची गाडी रांगेत आली की हातातला पाना टाकून कुंपणाशी जायची, वेळेच्या फलकावर डोळे लावून.

एकदा शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसानं तिला विचारलं, "तुमची गाडी कुठली?"

"त्या शिट्टीवालीच्या शेजारची," व्हर्ना म्हणाली. ती गाडी कोणाची होती, हे तिला ठाऊकही नव्हतं.