त्या पौर्णिमेला बाबा जेवले

जैनथ गावात आमच्या घरी दर पौर्णिमेला बुद्धवंदना असायची. सरकारी शाळेत मास्तर असलेले बाबा पांढरा सदरा घालून पुढे, मागे आई आणि मी. वंदना झाली की खीर. खरं सांगायचं तर लहानपणी माझी सगळी श्रद्धा त्या खिरीवर होती. अजूनही वेलचीचा वास आला की ते घर आठवतं. बाबांचं एक वाक्य मात्र ऐकून ऐकून पाठ झालं होतं, "पटलं तरच मान. मी म्हनतो म्हनून मानू नको."

आदिलाबादला कॉलेजात गेले आणि मी ते फारच मनावर घेतलं. वैशाख पौर्णिमेला, मेणबत्त्या लागल्यावर जाहीर केलं, "मी बसणार नाही. मला नाही पटत." खाण तशी माती!

"काऊन असं करून राह्यली वं, आजच्या दिवशी?" आई कळवळली. बाबांनी वंदना सुरू केली. वंदना म्हणताना त्यांचा आवाज मधेच बसला, तो मला ओसरीवर ऐकू आला. मी भांडायच्या तयारीत होते.

वंदना संपवून ते पाटावर बसले. "वाढ वं, भूक लागली."

"पोरगी अशी बोलली, अन् तुमाले घास उतरन?"

"माहा बाप लिंबाखालच्या मरीमायले बकरा द्यायचा. मी धम्म घेतला, मरीमायले हात जोडत नाही म्हनलं, तवा त्यानं भरलं ताट लोटलं. बाप गेला, पन ते ताट माह्या डोळ्यासमोरून जात नाही. इच्या डोळ्यासमोर नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिलेबी खीर दे."

आणि ते जेवले.

बाबा गेल्यावर मी पुन्हा वंदनेला बसू लागले. पटलं म्हणून की त्यांची आठवण येते म्हणून, ते अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या पौर्णिमेला मुलगा हैदराबादहून आला तो मनगटावर लाल धागा बांधूनच. "आई, मी दर शनिवारी देवळात जातो. बरं वाटतं मला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या आजोबांनी बापाचा राग पत्करून जे सोडलं, ते हा परत उचलून आणतो! सगळं अगदी ओठांवर आलं होतं. तो माझ्या ताटाकडे बघत होता.

मी खीर वाढून घेतली. घास उतरता उतरेना. बाबांनाही त्या दिवशी असंच झालं असेल, हे मला तेव्हा कळलं. ताट मात्र मी पूर्ण संपवलं.