साहेब, गोळी उतरेपर्यंत बसा

नांदेडच्या डॉक्टरनं सुभद्राला अंगठा अन् बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं. डावा हात चालला. उजवा थोडा वेळ चालला अन् चावी संपल्यासारखा थांबला. डॉक्टर म्हणाले, "पार्किन्सन आहे. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्यांवर बरीच वर्षं निघतात."

सुभद्रा माझी बायको. तिनं एवढंच विचारलं, "भाकर थापता येईल ना मला?"

आजाराची खबर भाकरीनंच दिली होती. भाकर एका बाजूनं जाड यायला लागली, अन् मी ताटावर बसून कुरकुर करायचो. सुभद्रा जाऊन आता वर्ष होत आलं. हे लिहितोय ते ज्यांच्या घरी असा माणूस आहे अन् अपंगाच्या दाखल्यासाठी तपासणीवाले यायचे आहेत त्यांच्यासाठी. माझी शाळा चौथीपर्यंत. वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवलं. जमेल तसं लिहितो.

मेंदूत डोपामाइन नावाचा रस असतो. या आजारात तो आटत जातो अन् हातपाय माणसाचं ऐकत नाहीत. लेवोडोपाची गोळी त्या रसाची भरपाई करते. गोळी चढली की माणूस चालतो, बोलतो, हसतो. त्याला डॉक्टर 'ऑन' म्हणतात. उतरली की लाकूड. तो 'ऑफ'. पहिली काही वर्षं एक गोळी अर्धा दिवस टिकायची. मग टिकेना. शेवटी शेवटी जेमतेम जेवण उरकण्यापुरती चालायची, अन् मग पाय जमिनीला चिकटायचे, आवाज आत जायचा, लाळ गळायची.

हा ऑन-ऑफ नीट समजून घ्या. आमचं वाटोळं त्यानंच केलं.

दाखल्याला चाळीस टक्के अपंगत्व लागतं. ती दवाखान्यापर्यंत जाऊ शकत नव्हती म्हणून तपासणीचे साहेब घरी येणार असं कळलं. झालं, सुभद्रानं लग्न असल्यासारखी तयारी लावली. आमची सून रेखा, तिच्याकडून घर धुऊन घेतलं, केस धुऊन वेणी घालून घेतली, इरकल नेसली. साहेब यायच्या बेतानं गोळी घेतली, म्हणजे पाव्हण्यांपुढं हात थरथरायला नको.

साहेब आले तेव्हा गोळी पुरती चढलेली. ती भिंतीला धरून दारापर्यंत गेली. तांब्या स्वतःच्या हातानं पुढं केला.

"कशा आहात आजी?"

"बरी हाय."

आमच्याकडं दारी आलेल्या माणसाला दुसरं काही सांगत नाहीत. पण साहेबानं ते खरं धरलं. दोन-चार प्रश्न विचारले, पाणीसुद्धा पुरतं प्यायला नाही. ओट्यावर बूट घालताना ड्रायव्हरला म्हणाला, "ठणठणीत आहे म्हातारी. नाटकं नुसती. फुकटचं पाहिजे सगळ्यांना."

हळू म्हणाला असता तर एक वेळ गिळलं असतं. आख्ख्या गल्लीनं ऐकलं. आत सुभद्रानं ऐकलं. टक्के चाळीसच्या खाली लिहून आले.

टक्क्यांचं सोडा. त्या दिवसापासून ती ओट्यावर बसायची बंद झाली. संध्याकाळी बायका जमायच्या, हिला बोलवायच्या. ही आत तोंड फिरवून पडायची. "हात हालला तर म्हनतील, करून राहिली नाटक." गिरणीवर एक बाई रेखाला बोललीच, "तुझ्या सासूला तर काई झालं न्हाई म्हने." तेव्हा मी ठरवलं. दाखला मिळो न मिळो, ह्या माणसाच्या तोंडून तो शब्द परत घ्यायचा. अन् सुभद्राच्या जिवात जीव आहे तोवर घ्यायचा.

फेरतपासणीचा अर्ज केला. नशीब माझं, तोच साहेब येणार होता.

मी सुभद्राची तालीम घेतली. मी साहेब झालो. "कशा आहात आजी?"

"बरी हाय."

"अगं, तेच म्हनायचं न्हाई!"

"निघतंच तोंडातून. परका मानूस इचारतो, त्याला काय माझं मुतायचं सांगू?"

"व्हय, तेच सांग."

"तुमी सांगा तुमचं," म्हणाली, अन् हसली. आजारात चेहरा मुखवट्यासारखा होतो, हसू डोळ्यांतच राहतं. मला दिसायचं.

तिच्याकडून होणार नाही हे कळलं. मग वाटलं, त्या दिवशी गोळीच द्यायची नाही. नांदेडच्या डॉक्टरला फोन लावला. ते ओरडलेच माझ्यावर. "बाबा, एकही गोळी चुकवू नका. जिवावर बेतेल." हे तुम्हीही पाठ करा. तपासणीसाठी औषध तोडायचं नाही.

म्हणजे गोळी द्यायची, अन् ती उतरेपर्यंत साहेब घरात पाहिजे. तो तर उभ्या उभ्या येणारा माणूस.

आला. सुभद्रा खुर्चीत, आवाज चांगला, हात शांत. मला बघून म्हणाला, "पुन्हा तुम्हीच का?" मी म्हणालो, "बसा साहेब, आलोच." बाहेर गेलो. ड्रायव्हर पानटपरीवर होता. मी जीपच्या मागच्या दोन चाकांचे व्हॉल्व काढून खिशात टाकले. दोन कशाला? स्टेपनी एकच असते.

शेजारचे रहीमभाई टेलर मशीनवरून बघत होते. म्हणाले, "क्या कर रहे हो भाऊ?"

"हवा बघून राहिलो."

"बराबर देखो," म्हणाले, अन् खाली मान घालून शिवायला लागले.

साहेब निघाला तर जीप बसलेली. चिडला. मी हात जोडले. "साहेब, माझं जलम गेलं पंक्चर काढन्यात. उन्हात काहून थांबता? आत बसा, चहा घ्या." रेखानं चहा ठेवला. मी चाकाशी बसलो अन् काही केलं नाही. खिडकीतून आत दिसत होतं.

आधी सुभद्राचा आवाज गेला. साहेब "काय म्हणालात?" म्हणून पुढं वाकला. मग अंगठा थरथरायला लागला, मग हात, मग खुर्ची. पायाची बोटं आत वळली. त्याला डिस्टोनिया म्हणतात, पायात गोळा आल्यासारखं दुखतं. तोंडातून लाळ इरकलीवर पडली. तिला लघवीला जायचं होतं, अन् रेखाला मी दुकानावर धाडलेलं. मुद्दाम.

मी आत गेलो. "साहेब, जरा धरा तिकडून."

त्यानं धरलं. ती वळेना, पाऊल उचलेना. उंबऱ्यापाशी पाय चिकटले ते चिकटले. तिथंच झालं. त्याच्या बुटावर गेलं.

सुभद्रानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला झोपू देत नाही, ते माझं मी बघीन. पण साहेबानंही बघितलं.

तिला पलंगावर निजवलं. साहेब म्हणाला, "बाबा, माझं चुकलं. मी तेव्हा..."

"मला कशाला सांगता? तवा वट्यावर बोललात, आता बी तिथंच बोला. तेवढ्याच मोठ्यानं."

तो ओट्यावर गेला. घसा खाकरला. "आजींचा आजार खरा आहे. मी चुकीचं बोललो होतो." रहीमभाईंची मशीन थांबली. समोरच्या दारात बाया आल्या होत्या. मी म्हणालो, "गिरनीपातूर ऐकू गेलं न्हाई." त्यानं परत सांगितलं.

मग मी खिशातून व्हॉल्व काढले अन् हवा भरून दिली. ड्रायव्हर माझ्या हाताकडं बघत राहिला.

दाखला आला. पेन्शनही लागली, थोडी खाल्ली तिनं. पण मला सांगायचं ते वेगळं. ती परत ओट्यावर बसली. हात हालायचा तसा हालू दिला. माझ्याशी मात्र बरेच दिवस बोलली नाही. मग एका संध्याकाळी म्हणाली, "त्या मानसाला जेवून जा म्हनायचं राहिलं." तिनं माफ केलं होतं. मी नाही केलं.

थंडीत घास श्वासनळीत गेला. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे अन्न फुफ्फुसात जाऊन होणारा. त्यातच गेली. अशा माणसाला भरवताना घाई करू नका, हनुवटी खाली ठेवा. हे मला उशिरा कळलं.

तपासणीला माणूस आला की घर आवरू नका. जमत नाही ते आधी सांगा. आजारी माणसाला 'बरी हाय'ची सवय असेल तर तुम्ही बोला. अन् त्याला बसवून ठेवा. कसं, ते तुमचं तुम्ही बघा.

मागच्या महिन्यात रेखाचा भाऊ कुरुंद्याहून आला होता. त्याच्या गल्लीत एका म्हाताऱ्याला हाच आजार. तपासणीला एक साहेब आला. आत आल्या आल्या विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली?" म्हातारा म्हणाला, आत्ताच. तर साहेब खुर्ची ओढून बसला. चहा झाला, दुसरा झाला, उठेना. घरच्यांना कळेना, हा जात काहून नाही.

मी विचारलं, दिसायला कसा होता? सांगितलं त्यानं. तोच.

बसू दे. मरेपर्यंत दारोदार असाच बसू दे.